वाचकांचे प्रश्न : मागच्या सस्पेन्शनचे आर्म बदलताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मागच्या कंट्रोल आर्मबद्दलची, म्हणजे चाकाला किंवा एक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांबद्दलची, पत्रे सर्वाधिक होती. बाजारात मिळणारे जाड, लांबी बदलता येणारे आर्म रोजच्या गाडीला बसवावेत का, आणि बसवायचे तर कोणते, हा बहुतेकांचा प्रश्न आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे. आर्मचा दांडा वाकता कामा नये आणि त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे अडता कामा नयेत. जाहिरातींत सगळा भर दांड्यावर असतो; रस्त्यावरच्या गाडीत बिघडते ते बहुतेक वेळा सांध्यात.

प्रश्न : माझ्या गाडीला मागे मल्टि-लिंक सस्पेन्शन आहे. स्प्रिंग बदलून गाडी ३५ मिमी खाली घेतली. मागच्या दोन्ही टायरांची आतली कड आठ हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत झाली. एका बाजूचे पाचही आर्म बदला, असा सल्ला मिळाला आहे. खरेच पाच लागतील का?

पाच लागणार नाहीत. एक लागेल, फार तर दोन.

आधी अलाइनमेंट मोजून घ्या आणि छापील आकडे हातात घ्या. त्यात दोन आकडे पाहायचे : कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा कल, आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकाचा तिरकेपणा. गाडी खाली बसली की बहुतेक मल्टि-लिंकमध्ये चाकाचा वरचा भाग आत कलतो, म्हणजे कॅम्बर ऋण बाजूला सरकतो. हे डोळ्यांना दिसते, म्हणून सगळा दोष त्याच्यावर येतो. टायर मात्र जास्त खातो टो. चाक आपल्या जाण्याच्या दिशेशी फक्त ०.२ अंश तिरके असले, तरी दर किलोमीटरला ते साडेतीन मीटर आडवे घासले जाते. त्यात चाक आत कललेले असेल, तर ते सगळे घासणे आतल्या कडेवर पडते. कॅम्बर उणे २ अंश असूनही टो बरोबर असेल, तर टायर बऱ्यापैकी एकसारखा झिजतो. उलट कॅम्बर अगदी कारखान्याच्या मापात आणि टो चुकलेला असेल, तर टायर काही महिन्यांत जातो.

म्हणून क्रम असा ठेवा. तुमच्या गाडीत टो जुळवण्यासाठी मूळचा एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की आर्मचे टोक सरकवणारा) आहे का ते पाहा. बहुतेक मल्टि-लिंक गाड्यांत तो असतो. त्याच्या पल्ल्यात टो येत असेल तर टोचा आर्म विकत घ्यायचे कारणच नाही. कॅम्बर उणे दीड ते दोन अंशांच्या आत आणता आला तर रोजच्या गाडीला पुरे. तोही बोल्टवर येत नसेल, तर वरचा लांबी बदलता येणारा आर्म घ्या, दोन्ही बाजूंना एकेक. खालचा आर्म आखूड करूनही कॅम्बर कमी होतो. पण खालच्या आर्मवर बहुधा स्प्रिंग किंवा शॉक अब्सॉर्बर बसलेला असतो. तो आर्म महाग पडतो, आणि त्यात निघालेली चूक त्याहून महाग पडते.

किती लांबी लागेल याचा अंदाज घरी काढता येतो. चाकाच्या हबवर वरचा सांधा आणि खालचा सांधा यांच्यातले उभे अंतर मोजा. समजा ते २८० मिमी आहे. एक अंशाला सुमारे ५ मिमी लागतात. तुम्हाला कॅम्बर दीड अंशाने कमी करायचा असेल तर वरचा आर्म साधारण साडेसात मिमी लांब व्हायला हवा. एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्याला उलटे आटे, दोन्ही १.५ मिमी पिचचे असतील, तर मधली नळी एक पूर्ण फेरी फिरवल्यावर लांबी ३ मिमी बदलते. नळीच्या सहा पैलूंपैकी एक पैलू म्हणजे अर्धा मिमी, म्हणजे ०.१ अंश कॅम्बर. कॅम्बरसाठी ही बारकाई भरपूर आहे.

हाच हिशेब टोच्या आर्मला लावला की चित्र बदलते. टोचा आर्म हबच्या फिरण्याच्या रेषेपासून १५० मिमी दूर असेल, तर तोच एक पैलू सुमारे ०.२ अंश टो बदलतो. दोन्ही चाकांत मिळून जेवढी सवलत असते, ती एका पैलूत संपते. लॉक नट आवळतानाच नळी तेवढी फिरून जाऊ शकते. म्हणून ज्या गाडीत मूळचा एक्सेंट्रिक बोल्ट काम करतो आहे, तिथे तोच ठेवावा, असे आमचे ठाम मत आहे.

आणखी एक : कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो. आधी कॅम्बर, मग टो, आणि शेवटी दोन्ही पुन्हा मोजा. टो दोन्ही बाजूंना सारखा आणि किंचित आतल्या दिशेने, प्रत्येक चाकाला ०.०५ ते ०.१५ अंशांच्या आसपास असला, तर गाडी सरळ रेषेत शांत धावते.

प्रश्न : १९९८ ची मस्टँग आहे, मागे सरळ एक्सल. चारही आर्मचे आठही बुश (सांध्यांतल्या रबरी कड्या) काढून पॉलियुरेथेनचे बसवले. सरळ रस्त्यावर गाडी छान पळते, पण वळणावर मागचा भाग एकदम सुटतो, आधी काहीच कळत नाही. टायर नवीन आहेत. काय चुकले?

पॉली वरच्या आर्ममध्ये बसवला, हे चुकले.

या गाडीच्या मागच्या एक्सलला चार आर्म आहेत. खालचे दोन जवळजवळ गाडीच्या लांबीला समांतर. वरचे दोन आखूड आणि तिरपे. एक्सल डावीउजवीकडे सरकू नये, हे काम या तिरप्या आर्मांकडे आहे; त्यासाठीचा वेगळा आडवा दांडा, म्हणजे पॅनहार्ड रॉड, या रचनेत नाही. गाडी वळणावर कलते तेव्हा एक्सल गाडीच्या तुलनेत फिरतो, आणि वरच्या आर्मच्या टोकांना एकाच वेळी तीन गोष्टी कराव्या लागतात : बोल्टभोवती फिरणे, बाजूला कलणे आणि आर्मच्या स्वतःच्या अक्षाभोवती पिळणे. मूळचा जाड रबरी बुश हे तिन्ही करू देतो, कारण रबर सगळीकडे ताणले जाते. पॉलियुरेथेनचा बुश आपल्या स्लीव्हवर (आतल्या धातूच्या नळीवर) फक्त फिरतो. कलणे आणि पिळणे त्याला जमत नाही. सुरुवातीचे एकदोन अंश तो कसेबसे देतो आणि मग सगळी रचना अडते. अडलेले सस्पेन्शन म्हणजे मागे अचानक प्रचंड जाड अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचे कलणे रोखणारी दांडी, लावल्यासारखेच. मागच्या चाकांवरचा भार क्षणात एका बाजूला जातो आणि पकड सुटते. आधी इशारा मिळत नाही, कारण अडणे हळूहळू होत नाही, एका ठिकाणी येऊन थांबते.

उपाय स्वस्त आहे. वरच्या आर्मच्या दोन्ही टोकांना पुन्हा रबरी बुश बसवा. एक्सलकडचे वरचे बुश आर्ममध्ये नसतात, डिफरन्शिअलच्या हाउसिंगवरच्या कानांत दाबून बसवलेले असतात. ते काढायला त्या कामाचा पुलर लागतो. हातोड्याने ठोकून काढण्याच्या नादात कान तडकला तर अख्खे हाउसिंग बदलावे लागते. रबर जाळून काढायचा प्रयत्नही करू नका. धूर विषारी असतो आणि बाहेरची कडी तशीच अडकून राहते.

रबर नकोच असेल तर एक्सलच्या कानांत गोलाकार बेअरिंग आणि आर्मच्या पुढच्या टोकाला रबर, ही जोडी चालते. सांधा मोकळा राहतो, आवाज थोडा वाढतो.

खालच्या आर्ममध्ये मात्र सुधारणेला वाव आहे. मूळचे आर्म दाबलेल्या पत्र्याचे, उघड्या पन्हळीसारखे असतात. जोर दिला की ते पिळतात. चौकोनी बंद नळीचे आर्म तिथे खरोखर फरक करतात. पण बंद नळी स्वतः पिळत नाही, म्हणून आधी पत्र्याच्या पिळण्यातून जी सवलत मिळत होती ती आता सांध्याने द्यायला हवी. एका टोकाला पॉली आणि दुसऱ्या टोकाला गोलाकार सांधा असलेला खालचा आर्म घ्या. दोन्ही टोकांना कडक पॉली असलेला घेऊ नका. आणि मागची स्प्रिंग या गाडीत खालच्या आर्मवरच बसते. स्प्रिंगची बैठक नसलेले, कॉइलओव्हरसाठी (ज्यात स्प्रिंग शॉक अब्सॉर्बरवरच असते) बनवलेले आर्म दिसायला तसेच असतात. चुकून तेच मागवले जातात.

प्रश्न : क्रोमोली, साधे पोलाद की अ‍ॅल्युमिनियम? क्रोमोली जास्त कडक असते ना?

कडकपणा सारखाच. पोलाद कुठलेही असो, त्याचा ताठरपणाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो. त्याच व्यासाच्या आणि त्याच जाडीच्या दोन नळ्या, एक साधी आणि एक ४१३० क्रोमोली, सारख्याच भाराला सारख्याच वाकतात. क्रोमोली कायमची वाकायला किंवा तुटायला जास्त भार लागतो, म्हणून पातळ भिंतीची नळी वापरून वजन वाचवता येते. रस्त्यावरच्या गाडीला त्या वाचलेल्या वजनाचा उपयोग नगण्य आहे. दगड आपटला तर पातळ नळीला पोचा लवकर पडतो, आणि पोचा पडलेली नळी दाबाखाली तिथूनच दुमडते.

अ‍ॅल्युमिनियमचा गुणांक ६९ च्या आसपास, म्हणजे पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा चांगला आर्म नेहमी जाडजूड दिसतो. पोलादी आर्मएवढाच बारीक अ‍ॅल्युमिनियम आर्म दिसला तर सोडून द्या. ६०६१-टी६ ला वेल्डिंग केले की जोडाजवळची ताकद बरीच उतरते. त्यामुळे वेल्ड नसलेला, एकाच ठोकळ्यातून कोरलेला किंवा फोर्ज केलेला आर्म बरा. शिवाय पोलादी रॉड एंड (आट्यांच्या दांड्याच्या टोकाला कडीत फिरणारा गोळा) अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत पाण्याने धरून बसतो. बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ लावले नाही, तर दोन पावसाळ्यांनंतर लांबी बदलता येण्याची सोय नावापुरतीच राहते.

प्रश्न : माझ्या छोट्या हॅचबॅकला मागे टॉर्शन बीम आहे. तिला कोणते मजबूत आर्म मिळतील?

कोणतेच नाहीत, कारण तिला वेगळे आर्म नाहीत. दोन्ही चाकांचे मागे जाणारे हात आणि मधली पिळणारी तुळई हा एकच भाग असतो. कॅम्बर किंवा टो थोडा सुधारायचा असेल तर हब आणि बीम यांच्यामध्ये पाचरीसारखे शिम बसवतात. बीमच्या पुढच्या दोन बुशांना मात्र वय होते. गाडी मागून डुलत असेल तर ते आधी पाहा. तिथे कडक पॉली टाकताना जपून, कारण अनेक गाड्यांत हे बुश मुद्दाम तिरपे बसवलेले असतात, वळणावर बीम चुकीच्या दिशेने वळू नये म्हणून. पॉली घ्यायचाच तर मूळ बुशचा तिरपेपणा राखणारा घ्या.

प्रश्न : रॉड एंड असलेले आर्म लावून सात महिने झाले. आता खड्ड्यात मागून टकटक येते. ग्रीस मारले, फरक पडला नाही. रॉड एंड रस्त्यावरच्या गाडीला चालत नाहीत का?

चालतात, पण झिजणारा भाग म्हणून. टायर किंवा ब्रेक पॅड जसा मोजतो तसा.

तुमचे रॉड एंड कोणत्या जातीचे आहेत ते आधी पाहा. ज्यांत गोळा आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) अस्तर असते, त्यांना ग्रीस लागत नाही. उलट ग्रीसला धूळ चिकटते आणि तीच धूळ अस्तर खरवडते. धातूवर धातू असलेल्यांना ग्रीस लागते, पण ते रस्त्यावर फार टिकत नाहीत. दोन्ही जातींवर रबरी बूट असेल तर आयुष्य बरेच वाढते, आणि बूट फाटल्याचे कळत नाही तोवर लोक निर्धास्त असतात. दर वेळी गाडी वर घेतली की बूट पाहा.

टकटक नेमकी कुठून येते ते असे शोधा. गाडी रॅम्पवर चाकांवर उभी ठेवा आणि खाली जा. एकाने सांध्यावर बोटे ठेवावीत, दुसऱ्याने मागचा बंपर हलवावा. सांध्यातला खेळ बोटांना कळतो. मग लोखंडी पहारीने आर्म आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये हळूच जोर देऊन पाहा. गोळा कडीत हलताना दिसला तर रॉड एंड गेला. तो हलत नसेल आणि आवाज येत असेल, तर बहुधा लॉक नट सैल आहे, किंवा बोल्टचा व्यास ब्रॅकेटच्या भोकापेक्षा कमी आहे. सैल लॉक नट सर्वांत वाईट, कारण आटे सतत आपटून खराब होतात आणि मग नवा रॉड एंडही त्यात घट्ट बसत नाही.

एक इशारा द्यावाच लागेल. आट्यांचा रॉड एंड ओढण्या-दाबण्यासाठी असतो, वाकवण्यासाठी नाही. ज्या आर्मवर स्प्रिंग, शॉक अब्सॉर्बर किंवा अँटी-रोल बारची लिंक बसते, त्या आर्मला भार आडवा येतो. तिथे रॉड एंडचा दांडा आट्यांच्या मुळाशी वाकत राहतो आणि थकून तुटतो. तुटायच्या आधी आवाज येईलच असे नाही. अशा आर्मला गोलाकार बेअरिंग हवे असेल, तर ते आर्मच्या डोळ्यातच दाबून बसवलेले आणि सर्क्लिपने अडवलेले असावे. आट्यांच्या दांड्यावर नको.

प्रश्न : पॉली बुश दोन महिन्यांत करकरू लागले. दुकानदार म्हणतो पॉली म्हटले की आवाज येणारच.

योग्य बसवला तर येत नाही. पॉली स्लीव्हवर घासत फिरतो, म्हणून त्याला चिकट, पाण्याने न धुतले जाणारे सिलिकोनचे ग्रीस लागते. साध्या पेट्रोलियम ग्रीसचा थर लवकर निघून जातो आणि काही पॉली त्याने मऊही पडतो. बुश काढा, स्लीव्ह बारीक एमरीने गुळगुळीत करा, आतून आणि दोन्ही बाजूंच्या तोंडांवर ग्रीस लावा. आर्मच्या डोळ्यात आतून पावडर कोटिंगचा थर राहिला असेल तर तो खरवडा, नाहीतर बुश चिमटला जातो.

मग एक माप घ्या : स्लीव्ह बुशपेक्षा अगदी किंचित लांब असली पाहिजे. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटने स्लीव्ह धरावी, बुश नाही. स्लीव्ह आखूड असेल तर ब्रॅकेट थेट पॉलीला चिरडतो, आणि तो कितीही ग्रीस लावले तरी करकरतो. स्वस्त संचांत हीच चूक वारंवार दिसते.

प्रश्न : सरळ एक्सलच्या गाडीचे खालचे आर्म घरी बदलायचे आहेत. काय सांभाळावे?

जमिनीवर उभ्या गाडीचे एक माप सर्वांत आधी घ्या : चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर, डावे आणि उजवे. ते कागदावर लिहा. शेवटी लागेल.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गाडी उचलून स्टँड बॉडीच्या नेमून दिलेल्या जागी ठेवा, जॅक एक्सलखाली ठेवा. स्प्रिंग आर्मवर बसत असेल तर एक्सल पूर्ण खाली सोडून स्प्रिंग सैल झाल्याची खात्री होईपर्यंत कोणताही बोल्ट काढू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे एक्सल खाली सोडताना पाहत राहा.

एका वेळी एकच आर्म काढा. दोन्ही एकदम काढले तर एक्सल आपल्या वजनाने फिरतो आणि बोल्टची भोके जुळवताना अर्धा दिवस जातो. जुना आर्म नव्याशेजारी जमिनीवर ठेवून भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी मोजा. नवा बदलत्या लांबीचा असेल तर आधी जुन्याएवढाच ठेवा, दोन्ही बाजूंना अगदी सारखा. एक बाजू दोन मिमी लांब राहिली तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी सरळ चालवायला स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. आट्यांचा दांडा नळीत किमान व्यासाच्या दीडपट आत असला पाहिजे. १४ मिमीच्या दांड्याला २१ मिमी. काही नळ्यांना बाजूला बारीक भोक असते. त्यातून तार आरपार गेली तर दांडा फार बाहेर आला आहे.

बोल्ट हाताने बसतील तेवढेच बसवा. लॉक नट अजून आवळू नका.

आता एक पायरी जी बहुतेक जण वगळतात. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर न लावता एक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (एक्सलची वरची हद्द ठरवणाऱ्या रबरापर्यंत) वर न्या, मग पूर्ण खाली सोडा. मग एकच बाजू वर करून पाहा. आर्म कुठे ब्रॅकेटला टेकतो का, सायलेन्सरच्या नळीला, हँडब्रेकच्या केबलला, ब्रेकच्या नळीला लागतो का? गोलाकार सांधा त्याच्या टोकाच्या कोनाला जाऊन ठेचतो का? रॉड एंड दोन्ही टोकांना असेल तर दोन्ही गोळे मध्यावर आणून मगच लॉक नट दोन पान्यांनी आवळा. एकच पाना लावला तर नळी फिरते आणि एक गोळा आधीच कललेला राहतो.

स्प्रिंग बसवा, चाके बसवा आणि गाडीचे पूर्ण वजन एक्सलवर येऊ द्या. पहिले लिहिलेले अंतर जुळले पाहिजे. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत रॅम्प नसेल तर हबखाली जॅक लावून तेच अंतर आणता येते, मात्र गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, हे पाहा. रबरी बुशचे बोल्ट याच स्थितीत शेवटचे आवळायचे. रबर आतल्या आणि बाहेरच्या कडीला चिकटवलेले असते. चाक लोंबकळताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते. गाडी थोडी उंच बसते, आणि बुश काही हजार किलोमीटरमध्ये फाटतो. पॉली आणि गोलाकार सांध्यांना ही अट नाही, कारण ते मोकळे फिरतात. तरी सवय एकच ठेवावी.

टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या, आणि मॅन्युअल नवे बोल्ट वापरा म्हणत असेल तर नवेच वापरा. आर्म बोल्टच्या आडव्या ताकदीवर टिकत नाही, तो ब्रॅकेटच्या चिमट्यातल्या घर्षणावर टिकतो. चिमटा सैल झाला की भोक अंडाकृती होते. १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा, नटावर रंगाची रेघ ओढा, आणि ५०० नंतर रेघ जुळते का ते पाहा.

प्रश्न : जुनी सिव्हिक आहे, १९९६ ची. मागचे खालचे आर्म मजबूत आणि सोबत जाड अँटी-रोल बार घेतो आहे. आणखी काही लागेल?

मजबुतीची प्लेट लागेल. या पिढीत खालच्या आर्मचे आतले टोक आणि अँटी-रोल बार यांचा भार मागच्या क्रॉसमेंबरच्या पत्र्यावर येतो. खूप जाड बार लावलेल्या गाड्यांत तिथला पत्रा फाटल्याची उदाहरणे या गाडीच्या मालकांना चांगली ठाऊक आहेत. आर्म आणि बार कडक केले की भार कमी होत नाही, पुढच्या कमकुवत जागेकडे जातो. शॉक अब्सॉर्बर याच आर्मवर बसतो, म्हणून वर सांगितलेली रॉड एंडची अट इथेही लागू. ट्रेलिंग आर्मचा पुढचा मोठा बुश रबरीच ठेवा. त्याला फिरावेही लागते आणि कलावेही लागते. कडक पॉली तिथे अडतो.

प्रश्न : आर्म विकत घेताना दुकानात काय पाहावे? सगळे सारखेच दिसतात.

मूळच्या आर्मवर जे जे बसते त्याची यादी घरूनच करून न्या : अँटी-रोल बारची लिंक, शॉक अब्सॉर्बर, स्प्रिंगची बैठक, एबीएस वायरचा क्लॅम्प, हँडब्रेक केबलचा क्लॅम्प. झेनॉन हेडलाइटच्या गाडीत उंचीचा सेन्सर अनेकदा मागच्या आर्मला जोडलेला असतो. त्याची जागा नसलेला आर्म बसवला तर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात किंवा डॅशबोर्डवर इशारा पेटतो.

मग सुटे बुश आणि सुटे रॉड एंड त्याच मापाचे मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर तो आर्म घेऊ नये, कितीही देखणा असला तरी. वेल्ड सलग आणि दोन्ही बाजूंनी असावा. टाके टाके घातलेला नको. डोळ्याची कडी नळीच्या तोंडावर नुसती टेकवून जोडली आहे की नळी तिच्या गोलाईला कापून बसवली आहे, ते पाहा. रॉड एंडवर त्याच्या निर्मात्याची खूण आणि माप असते. काहीच खूण नसेल तर त्याची भारक्षमता कुणालाच ठाऊक नाही. वापरलेले आर्म घ्यायचे तर रॉड एंड फुकट आले असे समजा आणि नव्यांचे पैसे धरा.

प्रश्न : सरळ एक्सलची गाडी खाली घेतल्यापासून जोरात निघताना मागची चाके धडधडतात. वरचे आर्म बदलत्या लांबीचे बसवले, धडधड थोडी कमी झाली, पण आता ९० च्या पुढे गाडीत थरथर जाणवते.

दोन वेगळे आजार आहेत.

धडधड होते कारण एक्सल जोराखाली पिळून वर येतो आणि सुटतो, पुन्हा पुन्हा. मऊ किंवा फाटलेले बुश, पिळणारे आर्म आणि थकलेले शॉक अब्सॉर्बर ही नेहमीची कारणे. तुमच्या बाबतीत एक आणखी आहे. गाडी खाली आल्यामुळे खालच्या आर्मचे मागचे टोक पुढच्यापेक्षा वर गेले असणार. त्यामुळे जोर लावल्यावर चाके जमिनीवर दाबली जाण्याचा परिणाम कमी होतो. एक्सलकडचे टोक खाली आणणारे ब्रॅकेट मिळतात. त्यांत दोनतीन भोके असतात. सर्वांत खालचे निवडण्याचा मोह टाळा. आर्म जवळजवळ आडवा, मागचे टोक किंचित खाली, एवढे पुरे. फार खाली नेले तर वळणावर गाडी कलताना बाहेरचे चाक मागे आणि आतले पुढे सरकते, आणि एक्सल मागचा भाग बाहेर जाईल अशा दिशेने वळतो.

थरथर वरच्या आर्मच्या लांबीमुळे आली. वरचा आर्म लांब केला की डिफरन्शिअलचे नाक वर उचलले जाते, आखूड केला की खाली येते. एक्सलवरच्या दोन बोल्टांतले उभे अंतर २२० मिमी असेल तर एक अंशाला सुमारे ४ मिमी लागतात. डिजिटल कोनमापक घ्या. गाडीचे वजन चाकांवर असताना तीन कोन मोजा : गिअरबॉक्सचे मागचे तोंड, प्रॉपेलर शाफ्ट आणि डिफरन्शिअलचा फ्लँज. एकसंध शाफ्ट असेल तर जोराखाली पहिला आणि तिसरा एकमेकांना समांतर यायला हवेत. प्रत्येक क्रॉसवरचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावरचा, कोन १ ते ३ अंशांत ठेवा. अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया फिरतच नाहीत आणि एकाच जागी खाच पाडतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर नाक वर येते, म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा किंचित खाली ठेवावे लागते : रबरी बुशांना साधारण ३ अंश, पॉलीला २, गोलाकार सांध्यांना १.

दोन्ही वरचे आर्म एकाच लांबीचे ठेवा, अर्ध्या मिमीच्या आत. आणि बदल एका वेळी एक फेरी करून, दर वेळी चालवून पाहा.